‘सर्व्हायव्हर’चे 38वे पर्व : निराशेचे परीक्षण कसे लिहावे

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेतील ‘सर्व्हायव्हर’ ही दूरचित्रवाणीवरची स्पर्धा तुम्ही वर्षानुवर्षे पाहत आला आहात. तिच्या 38व्या पर्वाने, म्हणजे 2019 साली प्रसारित झालेल्या ‘एज ऑफ एक्स्टिंक्शन’ने, तुमची घोर निराशा केली. त्याचे परीक्षण तुम्ही लिहायला घेतले, पण मसुदा वाचून पाहिल्यावर ‘ख्रिस अंडरवुड विजेतेपदाला पात्र नव्हता’ या एकाच विधानाची निरनिराळी रूपे त्यात तुम्हाला आढळली, आणि एवढ्यावर परीक्षण उभे राहत नाही असे वाटून तुम्ही थांबलात. रिअ‍ॅलिटी स्पर्धांवर मी बरीच वर्षे लिहीत आले आहे. त्या आधारावर सांगते, की तुमची निराशा रास्त आहे आणि मसुद्याविषयीची शंकाही रास्त आहे. बिघाड पर्वाच्या रचनेत आहे. विजेता हा त्या रचनेचा परिणाम आहे, कारण नव्हे. हा फरक जोवर कागदावर स्पष्ट होत नाही, तोवर वाचकाला तुमचा राग कळेल, पण पर्व का फसले ते कळणार नाही.

नव्या कार्यक्रमाचे परीक्षण करताना आपण तो काय करू पाहतो आहे एवढेच तपासतो. वीसहून अधिक वर्षे चाललेल्या स्पर्धेच्या बाबतीत मात्र तिने प्रेक्षकांना आजवर काय सांगितले आहे, याचाही हिशेब घ्यावा लागतो. ‘सर्व्हायव्हर’चे पहिले पर्व 31 मे 2000 रोजी सीबीएस वाहिनीवर सुरू झाले. बोर्निओजवळच्या पुलाऊ टिगा या बेटावर 16 स्पर्धक, 39 दिवस आणि 10 लाख डॉलरचे पारितोषिक, अशी त्याची मांडणी होती. अखेरच्या मतदानात रिचर्ड हॅच याने केली विगल्सवर्थ हिच्यावर 4 विरुद्ध 3 मतांनी मात केली, आणि तो भाग अमेरिकेत 5 कोटींहून अधिक लोकांनी पाहिला. एवढे लोक त्या खेळाकडे ओढले गेले ते किडे खाणारी किंवा पावसात कुडकुडणारी माणसे पाहण्यासाठी, असे मला वाटत नाही. त्या खेळाच्या पोटात एक विलक्षण अट होती. इतरांना मतांच्या जोरावर बाहेर काढल्याशिवाय तुम्ही शेवटपर्यंत पोचू शकत नाही, आणि ज्यांना बाहेर काढले त्यांच्यातूनच बनलेल्या ज्युरीने मत दिल्याशिवाय तुम्ही जिंकू शकत नाही. म्हणजे दुखावल्यावाचून गत्यंतर नाही, आणि ज्याला दुखावले त्याच्यापुढेच शेवटी हात पसरायचा आहे. पुढच्या प्रत्येक पर्वातली कारस्थाने, माफीनामे, खोटी वचने आणि खरी मैत्री या एका अटीतून निर्माण झाली आहेत. नियम कितीही बदलोत, ही अट शाबूत आहे का, एवढे मी प्रत्येक पर्वात आधी पाहते.

38व्या पर्वात नेमके काय झाले ते तुमच्या वाचकासाठी नीट, क्रमाने आणि शांतपणे मांडा. फिजीमधील मामानुका बेटांवर 18 स्पर्धक आले. त्यांपैकी जो अँगलिम, ऑब्री ब्राको, डेव्हिड राइट आणि केली वेंटवर्थ हे चौघे आधीच्या पर्वांत खेळलेले होते. ज्याला मतदानाने बाहेर काढले जाईल, त्याला घरी जाण्याऐवजी एका ओसाड बेटावर जाऊन राहण्याची मुभा होती. तिथे खायला जेमतेम, करायला जवळजवळ काहीच नाही, आणि नको झाले तर शीड उभारून बोट बोलावण्याची व निघून जाण्याची सोय. खेळात उरलेल्यांना सुरुवातीला या बेटाची कल्पना नव्हती. तिथे राहिलेल्यांना परतीच्या दोन संधी मिळाल्या, एक विलीनीकरणाच्या वेळी, म्हणजे सुरुवातीच्या वेगवेगळ्या टोळ्या एकत्र केल्या जाताना, आणि दुसरी अगदी शेवटी. पहिल्या संधीत, चौथ्या क्रमांकावर बाहेर गेलेला रिक डेव्हन्स परतला. दुसऱ्या संधीत ख्रिस अंडरवुड परतला. त्याला 8व्या दिवशी, तिसऱ्या क्रमांकावर, बाहेर काढले होते. तो परतला 35व्या दिवशी. 39व्या दिवशी झालेल्या अखेरच्या मतदानात त्याला 9, गॅव्हिन व्हिटसनला 4 आणि ज्युली रोझेनबर्गला शून्य मते पडली. प्रत्यक्ष खेळात ख्रिस एकूण 13 दिवस होता.

तुमच्या मसुद्याचा सगळा भर या ‘13 दिवस’ या आकड्यावर आहे आणि तो आकडा खरोखर बोलका आहे. तरीही माझ्या मते दोष तिथे नाही. दिवस कमी भरले म्हणून विजय खोटा, असे म्हणणे म्हणजे सहनशक्तीला गुण देणे झाले, आणि ‘सर्व्हायव्हर’ ही केवळ सहनशक्तीची परीक्षा कधीच नव्हती. दोष त्या मधल्या चार आठवड्यांत आहे. त्या काळात गॅव्हिन, ज्युली आणि इतर स्पर्धक दर काही दिवसांनी कुणाचे तरी नाव लिहीत होते, कुणाचा तरी विश्वास मोडत होते आणि भावी ज्युरीतला एकेक माणूस स्वतःच्या विरोधात उभा करत होते. ख्रिसला यातले काहीही करावे लागले नाही. उलट, ज्यांची मते पुढे त्याला मिळवायची होती त्यांच्यातल्या बहुतेकांबरोबर तो उपासमारीत आणि कंटाळ्यात राहिला, आणि अशा सहवासात माणसे किती जवळ येतात हे वेगळे सांगायला नको. विलीनीकरणानंतर बेटावरचे हे रहिवासी ज्युरी म्हणून ट्रायबल कौन्सिलला, म्हणजे मतदान होते त्या सभेला, येऊन बसत. त्यामुळे कोण कसा खेळतो आहे, कोणाबद्दल ज्युरीत आदर आहे आणि कोणाबद्दल चीड आहे, हे त्याला समोर बसून पाहायला आणि नंतर ज्युरीच्याच तोंडून ऐकायला मिळाले. खेळात असलेल्या एकाही स्पर्धकाला ही माहिती उपलब्ध नव्हती. बाहेर काढले जाणे ही या खेळातली सर्वांत मोठी शिक्षा. या पर्वात तीच सर्वांत मोठी सवलत ठरली. तुमच्या परीक्षणाचा कणा हे विधान असायला हवे, आणि ‘13 दिवस’ त्याच्या आधाराला, एका वाक्यात, पुरेसे आहेत.

बाद झालेल्याला परत आणण्याचा प्रयोग या मालिकेत नवा नव्हता, हे नोंदवल्याशिवाय पुढे जाऊ नका, कारण जाणकार वाचक पहिला आक्षेप हाच घेईल. 2003 सालच्या सातव्या पर्वात, ‘पर्ल आयलंड्स’मध्ये, बाद झालेल्या सहा जणांची एक टोळी करून तिला दोन्ही टोळ्यांविरुद्ध उतरवले गेले, आणि त्यातून लिलियन मॉरिस व बर्टन रॉबर्ट्स परतले. लिलियन थेट अंतिम फेरीपर्यंत गेली आणि सँड्रा डियाझ-ट्वाइन हिच्याकडून 6 विरुद्ध 1 मतांनी हरली. त्या वेळीही प्रेक्षक चिडले होते, आणि मलाही तो नियम आवडलेला नाही. तरी तिथे परत येणारे खेळ निम्म्यावर असताना आले. त्यांना उरलेला अर्धा खेळ सर्वांबरोबर खेळावा लागला, नावे लिहावी लागली, शब्द मोडावे लागले, आणि ज्युरीने त्यांच्याकडे या सगळ्याचा जाब मागितला. 2011च्या ‘रिडेम्प्शन आयलंड’ पर्वात बाद झालेल्यांना एकमेकांशी झुंजत राहून आपली जागा टिकवावी लागे. जो हरला तो गेला. ‘एज ऑफ एक्स्टिंक्शन’ने ही दोन्ही बंधने काढून टाकली. बेटावर टिकण्यासाठी कुणाला हरवावे लागत नव्हते आणि परतीचा दुसरा दरवाजा अंतिम फेरीच्या तोंडाशी उघडत होता. नियमाची जात तीच राहून मात्रा बदलली की परिणाम कसा उलटतो, हे या तीन पर्वांच्या तुलनेतून दाखवता येते. माझ्या मते तुमच्या लेखातला सर्वांत वाचनीय भाग हाच ठरेल.

आता ख्रिसविषयी. त्याच्या शेवटच्या पाच दिवसांचे कौतुक तुमच्या परीक्षणात यायलाच हवे आणि ते हात राखून करू नका. परत आल्यावर त्याने लॉरेन ओकॉनेलला तिची लपवलेली, मतदानापासून वाचवणारी इम्युनिटी आयडॉल ही वस्तू आपल्यासाठी, म्हणजे ख्रिससाठी, वापरायला राजी केले. चार जण उरले असताना त्याने इम्युनिटी जिंकली, म्हणजे अंतिम तिघांतली त्याची जागा पक्की झाली. तरीही त्याने ते संरक्षण सोडून दिले आणि चौथ्याला बाद करणाऱ्या आग पेटवण्याच्या सामन्यात डेव्हन्ससमोर स्वतः बसला, कारण ज्युरीपुढे डेव्हन्स आला तर तोच जिंकणार हे तो ओळखून होता आणि इतक्या थोड्या दिवसांत आपल्या नावावर ठळक असे काहीतरी लागणारच, हेही त्याला कळत होते. तो सामना त्याने जिंकला. मिळालेल्या नियमांत यापेक्षा नेमके खेळणे अवघड आहे. स्पर्धक नियम बनवत नाही. तो हातात पडलेला नियम वापरतो, आणि त्याने तो चांगला वापरला याबद्दल त्याला दोषी धरणे अन्यायाचे आहे. आणखी एक गोष्ट मला मनापासून सांगावीशी वाटते. अशा परीक्षणांखाली स्पर्धकांच्या नावाने जी गरळ ओकली जाते, ती त्या माणसांच्या डोळ्यांसमोर वर्षानुवर्षे राहते. पडद्यावरच्या निर्णयावर हवे तेवढे कठोर लिहा. माणसाच्या लायकीवर लिहू नका.

आग पेटवण्याचा हा सामनासुद्धा रचनेचाच भाग आहे आणि त्यावर एक परिच्छेद खर्च करणे योग्य ठरेल. पहिल्या अनेक पर्वांत अंतिम फेरीत दोन जण असत. 2006 सालच्या ‘कुक आयलंड्स’ या 13व्या पर्वापासून ती कधी तिघांची होऊ लागली. 2017च्या 35व्या पर्वात चौघे उरल्यावरचे मतदानच काढून टाकले गेले आणि त्याजागी हा सामना आला. त्यामुळे खेळातला सर्वांत निर्णायक मतदानाचा क्षण संपला आणि तिथे हस्तकौशल्याची कसोटी आली. त्याच वर्षी आधी झालेल्या 34व्या पर्वात सिरी फील्ड्स ही या खेळातली अत्यंत कुशल खेळाडू स्वतःविरुद्ध एकही मत न पडता बाद झाली, कारण सहा जणांपैकी बाकी सर्वांकडे कुठल्या ना कुठल्या प्रकारचे संरक्षण होते. ज्या खेळात मते देऊन माणूस काढायचा, त्यात मत न पडता माणूस जातो, हे पाहून निर्मात्यांनी संरक्षणे कमी करायला हवी होती, पण मतांचे महत्त्व घटतच गेले. 38वे पर्व हे त्याच वाटेवरचे पुढचे पाऊल होते. हा संदर्भ दिला, की तुमचे परीक्षण एका पर्वाची तक्रार न राहता अनेक वर्षे चालू असलेल्या एका घसरणीची नोंद होईल.

संकलनाचा विषय अधिक अवघड आहे आणि बहुतेक परीक्षणे त्याला हात न लावता पुढे जातात. 39 दिवस अनेक कॅमेऱ्यांनी टिपलेल्या चित्रणातून त्या काळात दर आठवड्याला जाहिराती वगळून साधारण 42-43 मिनिटांचा भाग तयार होत असे. संकलकाला निकाल ठाऊक असतो. त्याचे काम असे, की निकाल आधी कळू नये, पण कळल्यावर तो अपरिहार्य वाटावा. चांगल्या पर्वाच्या शेवटी प्रेक्षक चकित होतो आणि दुसऱ्याच क्षणी त्याला सगळे आधीच दिसत होते असे वाटते. 38व्या पर्वात हे साधणे जवळजवळ अशक्य होते. मधल्या भागांत ख्रिसला भरपूर दाखवावे तर निकाल फुटतो. न दाखवावे तर शेवटी एक अनोळखी माणूस येऊन जिंकल्यासारखे वाटते. संकलकांनी न दाखवण्याचा मार्ग धरला. शिवाय दर भागातला काही वेळ बेटावरच्या दृश्यांना द्यावा लागल्याने मुख्य खेळातले संबंध आटले. उपविजेत्या गॅव्हिनला चार जणांनी 10 लाख डॉलरला लायक मानले, पण ती चार मते त्याने कशी कमावली हे प्रेक्षकाला पुरते उमगले नाही. जोपर्यंत कोण कोणावर का विश्वास ठेवतो हे दिसत नाही, तोपर्यंत विश्वासघाताला वजन येत नाही, आणि या पर्वाच्या उत्तरार्धातले कित्येक विश्वासघात त्यामुळे नुसतेच घडून गेले. त्या मानाने डेव्हन्स सतत पडद्यावर होता. तो बोलका आणि लाघवी आहे, पण त्याच्याभोवतीच कथा गुंफल्यामुळे तो गेल्यावर प्रेक्षकाकडे उभे राहायला जागा उरली नाही.

हे नुसते म्हणून चालणार नाही. दाखवून द्यावे लागेल. त्यासाठी पर्व एकदा पूर्ण पाहून झाल्यावर, राग शमल्यानंतर, पुन्हा पाहा आणि हाताशी वही ठेवा. प्रत्येक मतदानाच्या वेळी तीन गोष्टी टिपा : बाहेर जाणाऱ्याचे नाव प्रथम कोणी सुचवले, इतरांनी ते का मानले, आणि त्यातले कोणते कारण आपल्याला प्रत्यक्ष प्रसंगातून दिसले व कोणते स्पर्धकाने कॅमेऱ्यासमोर एकट्याने बसून नुसते सांगितले. सांगितलेल्या कारणांचे प्रमाण जिथे वाढते, तिथे कथानक दुबळे झालेले असते. एखाद्याच्या तोंडचे वाक्य सुरू झाल्यावर लगेच चेहरा पडद्यावरून गेला आणि नुसता आवाज उरला, तर सावध व्हा. वेगवेगळ्या वेळी उच्चारलेले तुकडे जोडून एक वाक्य करण्याची पद्धत या व्यवसायात सर्रास आहे, तिला ‘फ्रँकनबाइट’ म्हणतात, आणि बहुधा ती अशाच ठिकाणी लपवलेली असते. मात्र हे केवळ लक्षण आहे, पुरावा नव्हे. कित्येकदा निव्वळ दृश्य पालटण्यासाठीही चेहरा काढला जातो. म्हणून अशा जागा एकट्यादुकट्या घेऊ नका, त्यांचा कल पाहा.

याच ओघात ‘सगळे आधीच ठरलेले होते’ या आरोपाविषयी बोलायला हवे, कारण तुमच्या मसुद्यात तो सूचकपणे आला आहे. अमेरिकेत 1950च्या दशकातील प्रश्नमंजूषा-घोटाळ्यांनंतर 1960 साली कायद्यात दुरुस्ती झाली आणि प्रसारित होणाऱ्या ज्ञानाच्या, कौशल्याच्या किंवा नशिबाच्या स्पर्धेचा निकाल प्रेक्षकांना फसवण्याच्या हेतूने ठरवून लावणे हा गुन्हा ठरला. त्यामुळे पुराव्याशिवाय असा आरोप करणे गंभीर आहे. शिवाय तो अनावश्यकही आहे. बेटाचा नियम स्पर्धा सुरू होण्यापूर्वी ठरलेला होता आणि तो सर्वांना सारखाच लागू होता. वाईट नियम प्रामाणिकपणे राबवला गेला, हीच या पर्वाची शोकांतिका आहे. कट शोधणारा परीक्षक त्या नियमाची चिकित्सा करायचे विसरतो आणि निर्माते सहज सुटतात.

निराशेच्या इतर तऱ्हांशी या पर्वाची गल्लत होऊ देऊ नका. ‘रिडेम्प्शन आयलंड’ पर्व बेटामुळे फसले असे अनेक जण म्हणतात. माझ्या मते ते निवडीमुळे फसले. बोस्टन रॉब या नावाने ओळखला जाणारा रॉब मारियानो चौथ्यांदा खेळायला आला आणि त्याच्याभोवती प्रथमच खेळणारे, त्याला मानणारे लोक होते. तो 8-1-0 असा जिंकला आणि वाटेत त्याला कोणी खऱ्या अर्थाने आव्हान दिलेच नाही. 2018चे ‘घोस्ट आयलंड’ पर्व याहून वेगळे. तिथे इतिहासात प्रथमच अंतिम मतदानात 5-5 अशी बरोबरी झाली आणि तिसऱ्या क्रमांकावरच्या लॉरेल जॉन्सनच्या मताने वेंडेल हॉलंड जिंकला. शेवट एवढा थरारक असूनही मधले अनेक आठवडे सपाट होते, कारण पुढे बरोबरीत आलेल्या त्याच दोघांची पकड कोणी सैल करू शकत नव्हते. 39वे पर्व तर या मोजपट्टीने मोजूच नये. त्यात एका स्पर्धक स्त्रीने नकोशा स्पर्शांविषयी कॅमेऱ्यासमोर स्पष्ट सांगितले होते, तरी संबंधित पुरुष खेळत राहिला आणि खेळाबाहेरच्या दुसऱ्या एका घटनेनंतर 36व्या दिवशी त्याला काढण्यात आले. तिथे प्रश्न करमणुकीचा नाही, माणसांच्या सुरक्षिततेचा आहे, आणि अशा पर्वाबद्दल ‘कंटाळवाणे’ किंवा ‘रटाळ’ असे शब्द वापरणे मला अशोभनीय वाटते.

एकतर्फीपणा म्हणजे निराशा, असेही समजू नका. 2005 सालच्या ‘पलाऊ’ पर्वात उलाँग टोळी एकही इम्युनिटी सामना जिंकली नाही आणि अखेर तिच्यात स्टेफनी लाग्रोसा एकटी उरली. कागदावर हे पर्व फसायला हवे होते. प्रत्यक्षात ते या मालिकेतल्या सर्वांत हृदयस्पर्शी पर्वांपैकी एक झाले, कारण हरणाऱ्यांची प्रत्येक हार आणि तिचा माणसांवरचा परिणाम आपल्याला दिसत राहिला. पुढे जिंकणाऱ्या टोळीतही टॉम वेस्टमन आणि इयन रोझेनबर्गर यांच्या मैत्रीची जी परीक्षा झाली, ती त्याच पहिल्या अटीतून आली होती. अट शाबूत असली की असमतोलही कथा होतो. ‘एज ऑफ एक्स्टिंक्शन’शेजारी ‘पलाऊ’ ठेवून पाहा, म्हणजे काय हरवले ते वाचकाला विशेषणांशिवाय कळेल.

38व्या पर्वात चांगले काहीच नव्हते असे मात्र लिहू नका. सर्वांत आधी बाद झालेली रीम डेली त्या ओसाड बेटावर शेवटपर्यंत राहिली. तिची चीड, तिचा स्पष्टवक्तेपणा आणि नंतर येणाऱ्यांना तिने केलेला आधार यांतून एका प्रौढ स्त्रीचे जे दर्शन घडले, ते एरवी पहिल्याच भागाबरोबर संपले असते. बाद होण्याचे दुःख हा विषय या मालिकेने याआधी इतक्या जवळून दाखवला नव्हता. निर्मात्यांच्या मनात तो विषय प्रामाणिकपणे होता, असे मला वाटते. त्या दुःखाचे चित्रण करण्यासाठी बाद झालेल्यांना परतीचा दरवाजा देण्याची गरज नव्हती, एवढेच माझे म्हणणे आहे. नेमका हा मुद्दा तुमच्या परीक्षणात आला तर ते निव्वळ नकाराचे राहणार नाही.

लेख पूर्ण झाला की स्वतःच्या मताची एक कसोटी घ्या, आणि ती 40व्या पर्वावर घ्या. 2020च्या ‘विनर्स अ‍ॅट वॉर’मध्ये आधीचे 20 विजेते 20 लाख डॉलरसाठी खेळले आणि ओसाड बेटाचा नियम पुन्हा आणला गेला. सर्वप्रथम बाद झालेली नॅटली अँडरसन जवळजवळ सगळा काळ त्या बेटावर राहिली, अखेरीस परतली आणि दुसरी आली. टोनी व्लाकोसला 12, तिला 4 आणि मिशेल फिट्झगेराल्डला शून्य मते मिळाली. टोनी कधीही बाद न होता जिंकल्यामुळे बहुतेक प्रेक्षक समाधानी झाले आणि नियमाविषयीची चर्चा थांबली. पण नियम तोच होता, आणि ज्युरीतली चार मते हललीच. तुम्ही 38व्या पर्वाला नापास करून 40व्याला त्या नियमाबद्दल माफ करत असाल, तर तुमचा आक्षेप अजून निकालावरच आहे आणि मसुदा पुन्हा लिहावा लागेल. दोन्हीकडे तुमचे शब्द सारखेच उतरत असतील, तर तो निर्धास्तपणे प्रसिद्ध करा. 2021 साली आलेल्या 41व्या पर्वात खेळ 26 दिवसांचा झाला आणि ते बेट त्यात नव्हते. ही नोंदही करा, मात्र तिला आपल्या मताचा पुरावा म्हणून वापरू नका, कारण त्या बदलामागे इतर अनेक कारणे होती.

राहिला प्रश्न, ज्याने ही मालिका पाहिलेलीच नाही अशा वाचकाला काय सांगावे, हा. निकाल उघड करणारा मजकूर परीक्षणात येणारच असल्याने तसे पहिल्याच परिच्छेदात कळवा, आणि 38व्या पर्वापासून सुरुवात करू नका असे त्याला स्पष्ट सांगा. आधी ‘पर्ल आयलंड्स’ आणि ‘पलाऊ’ पाहायला सुचवा. ती दोन्ही पाहून झाल्यावर त्याने ‘एज ऑफ एक्स्टिंक्शन’ लावले, तर ख्रिस शेवटी परत येतो त्या भागात काय चुकले आहे, हे त्याला तुमच्या मदतीशिवाय दिसेल.